जुन्या मोटारसायकलीचा कायापालट : आधी कागद, मग यंत्र, शेवटी रंग

घराच्या पडवीत किंवा गोठ्याच्या कडेला ताडपत्रीखाली उभी असलेली जुनी मोटारसायकल हे बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात दुर्मीळ दृश्य नाही. कोणाच्या वडिलांनी तंबाखूच्या पैशांतून घेतलेली राजदूत, कोणाच्या काकांनी लष्करातून निवृत्त झाल्यावर घेतलेली बुलेट, कोणी महाविद्यालयाच्या दिवसांत हट्टाने मिळवलेली यामाहा आरएक्स १००. नवीन मोटारसायकलीच्या किमती लाखाच्या घरात गेल्यापासून अशा गाड्यांकडे तरुणांचे लक्ष पुन्हा वळले आहे. गोव्यातूनही चोर्ला घाट ओलांडून जुन्या गाडीच्या शोधात बेळगावला जाणारे हौशी आहेत. गाडी स्वस्तात मिळते, सुटीच्या दिवसांत घरीच खोलता येते आणि मनाजोगता रंग देऊन रस्त्यावर उतरवता येते, असे हे गणित वरवर सोपे दिसते.

हे गणित बहुतेक वेळा चुकते ते क्रमात. रंग डोळ्यांना दिसतो, म्हणून पहिला पैसा रंगावर जातो. इंजिनाचे काम निघाले की तोच रंग ओरखडतो आणि नोंदणी कार्यालयात गेल्यावर कागदच अपुरे असल्याचे कळते. कमी खर्चात गाडी उभी करायची असेल तर आधी कागद, मग यंत्र आणि सर्वांत शेवटी रंग हा क्रम पाळणे, हीच खरी बचत होय.

या गाड्या आल्या कुठून?

सीमाभागातील जुन्या गाड्यांमध्ये एक मोठा वाटा कर्नाटकातच जन्मलेल्या गाडीचा आहे. १९२९ मध्ये प्राग येथे फ्रान्टिशेक यानेचेक यांनी जावा कंपनी सुरू केली. त्यांच्या आडनावातील आणि वाँडरर या जर्मन कंपनीच्या नावातील पहिली दोन-दोन अक्षरे घेऊन हे नाव तयार झाले. म्हैसूर येथे आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून जावा मोटारसायकलीचे उत्पादन सुरू केले. १९७३ पासून तीच गाडी ‘येझदी’ या नावाने येऊ लागली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. दिल्लीकडील एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत ही पोलंडच्या एसएचएल या गाडीच्या धर्तीवर बनलेली होती. रॉयल एनफिल्डची बुलेट १९५५ पासून मद्रास येथे तयार होऊ लागली. यामाहाची ९८ सीसी क्षमतेची आरएक्स १०० ही १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनली. यांतील बुलेट सोडता बाकीच्या गाड्या दोन स्ट्रोकच्या इंजिनाच्या. त्यांची रचना साधी, भाग थोडे आणि हत्यारांच्या एका पेटीत बरेचसे काम होण्याजोगे. घरगुती दुरुस्तीसाठी त्या आजही पसंत केल्या जातात, त्याचे कारण हे आहे.

सीमेवरचा पहिला प्रश्न : कागद

निपाणीपासून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर. कोगनोळीजवळ राज्य बदलते. माणसांचे नाते, बाजार आणि भाषा मात्र बदलत नाही. त्यामुळे निपाणीच्या रस्त्यावर चिकोडीच्या केए-२३ या क्रमांकाइतक्याच सहजतेने कोल्हापूरच्या एमएच-०९ क्रमांकाच्या गाड्या फिरताना दिसतात. बेळगाव शहराचा क्रमांक केए-२२. जुनी गाडी विकत घेताना हा फरक मोलाचा ठरतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे असेल, तर तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजेच फॉर्म २८, लागते. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. मूळ मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ असतो. गोव्यात गाडी न्यायची असेल तरी हीच वाट चालावी लागते आणि तेथील रस्ता कर वेगळा भरावा लागतो. ‘कागद नंतर बघू’ असे म्हणून घेतलेली आजोबांच्या नावावरची गाडी पुढे तीन-चार वारसांच्या सह्यांत अडकते. तोवर तिच्यावर हजारो रुपये खर्च झालेले असतात आणि ते परत मिळण्याचा मार्ग नसतो.

खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर फॉर्म २५ भरून, गाडी तपासणीसाठी नेऊन पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण करावे लागते. हे शुल्क पूर्वी ३०० रुपये होते; १ एप्रिल २०२२ पासून मोटारसायकलीसाठी ते १,००० रुपये झाले. विलंब झाल्यास दरमहा ३०० रुपयांचा जादा आकार ठेवण्यात आला. २०२५ च्या सुधारणेत वीस वर्षांहून जुन्या मोटारसायकलीसाठी ते २,००० रुपये करण्यात आले. राज्याचा कर आणि विमा यांचा खर्च वेगळा. दहा वर्षे बंद पडलेल्या गाडीच्या विलंबाचा हिशेब आधी मांडला, तर स्वस्त वाटणारी गाडी कधी कधी महाग असल्याचे उघड होते.

म्हणून व्यवहारापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. ‘परिवहन’ संकेतस्थळावर क्रमांक टाकून नोंद अस्तित्वात आहे का, कर्जाचा बोजा किंवा थकलेला दंड आहे का, हे पाहावे. आरसी पुस्तकातील चॅसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या आकड्यांशी अक्षर न् अक्षर जुळवावेत. आकडे घासलेले, पुन्हा ठोकलेले किंवा वेल्डिंगखाली दडलेले दिसले तर किंमत कितीही कमी असो, ती गाडी सोडून द्यावी. चोरीची गाडी रंगवून नवी करता येते. तिची ओळख मात्र बदलत नाही.

मूळ रूप की मनाजोगते रूप?

कामाला हात घालण्यापूर्वी आणखी एक निर्णय करावा लागतो. गाडी कारखान्यातून निघाली तशी करायची, की आपल्या कल्पनेप्रमाणे नटवायची?

२०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम लागू केले. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये आणि पुढील नूतनीकरणासाठी ५,००० रुपये असे शुल्क असून गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नव्हे, तर प्रदर्शन, मेळावा, इंधन भरणे किंवा दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. याचा अर्थ, १९७० च्या आसपासची जावा हाताशी असेल तर तिच्यावर नवे प्रयोग करण्याआधी दोनदा विचार करावा. तिची टाकी, मूळ मडगार्ड, मूळ दिवा यांची किंमत काळाबरोबर वाढत जाते. याउलट, नव्वदच्या दशकातील हजारोंच्या संख्येने खपलेली गाडी असेल आणि तिचे पत्रे आधीच बदललेले असतील, तर मनाजोगता रंग देण्यात काही गमावण्यासारखे नसते.

मनाजोगत्या रंगालाही कायद्याच्या चौकटी आहेत. रंगाची नोंद आरसीमध्ये असते. तो बदलायचा असेल तर आरटीओला कळवून नोंद दुरुस्त करून घ्यावी. एक रंग मात्र सर्वसामान्यांना वर्ज्यच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीच्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन म्हणजे लष्करी हिरवा रंग केवळ संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखलेला आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र ज्या शहरात आहे त्या बेळगावात लष्करी बुलेटचे आकर्षण स्वाभाविक आहे. तरीही ती छटा टाकीवर चढवणे नियमभंग ठरते.

क्रमांकाच्या पाटीचेही असेच. नियमाप्रमाणे पाटीवरील अक्षरे इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीय पद्धतीचेच हवेत. सीमाभागात भाषेचा अभिमान पाटीवर उतरवण्याचा मोह होतो. त्यासाठी टाकी आणि साइड कव्हर मोकळी आहेत. तेथे देवनागरीतील सुबक अक्षरलेखन करण्यास कोणतीही आडकाठी नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा पाटी बसवून घ्यावी लागते, हा खर्चही यादीत धरावा.

यंत्र : घरी काय, लेथवर काय?

गाडी खोलताना प्रत्येक टप्प्याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवून डब्यावर भागाचे नाव लिहावे. ही सवय फुकटची आहे आणि जोडणीच्या वेळी तिच्यामुळे कित्येक दिवस वाचतात. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री भेदक तेल सोडावे. जोर लावून बोल्ट तुटला की पाच रुपयांच्या कामाला लेथची मजुरी लागते.

घरी करता येण्याजोगी कामे बरीच आहेत : कार्ब्युरेटर साफ करणे, पॉइंट आणि प्लग बदलणे, ब्रेक शू, केबल, चेन, सीटचे कव्हर, वायरिंगची तपासणी. सिलिंडर झिजला असेल तर मात्र लेथवाल्याकडेच जावे लागते. सिलिंडर किंचित मोठा घासून त्यात ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठ्या मापाचा पिस्टन बसवतात. यालाच बोअरिंग म्हणतात. या बाबतीत सीमाभाग भाग्यवान आहे. बेळगावचा उद्यमबाग आणि कोल्हापूरचे उद्यमनगर ही ओतकाम आणि यंत्रकामाची जुनी केंद्रे आहेत. जे माप पुण्या-मुंबईत शोधावे लागते ते काम येथे घरापासून तासाभरावर होऊ शकते. बोअरिंगला देण्यापूर्वी नवा पिस्टन विकत घेऊन तोच सोबत द्यावा. माप पिस्टनवरून ठरते, अंदाजाने नव्हे.

पेट्रोलच्या टाकीकडे विशेष लक्ष द्यावे. वर्षानुवर्षे उभ्या गाडीची टाकी आतून गंजलेली असते. सायट्रिक आम्लाचे कोमट पाणी एक-दोन दिवस भरून ठेवल्यास गंज सुटतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन टाकी लगेच कोरडी करावी, अन्यथा काही तासांत नवा गंज धरतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. त्यामुळे जुन्या गाडीची रबरी नळी, वॉशर आणि कार्ब्युरेटरचे गॅस्केट नवीनच बसवावे आणि गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नये. टाकीला छिद्र असेल तर घरी वेल्डिंग करण्याचा विचारही करू नये. रिकाम्या टाकीतील पेट्रोलची वाफ भरल्या टाकीपेक्षा घातक असते.

इंजिन सुरू झाले, गाडी विनारंगाची किमान शंभर-दीडशे किलोमीटर चालवली, गळती आणि खडखड संपली, मगच ती पुन्हा खोलून रंगाला घ्यावी. हा दुहेरी खटाटोप वाटतो. पण रंगवलेल्या गाडीचे इंजिन पुन्हा उतरवण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

रंग : मेहनत स्वतःची, शेवटचा हात जाणत्याचा

रंगकामाचा मोठा भाग म्हणजे घासणे. गॅरेजमध्ये पैसे घेतले जातात ते मुख्यतः या वेळेचे. म्हणून घरच्या माणसाने बचत करायची ती येथे.

जुना रंग काढण्यासाठी ८० आणि १२० क्रमांकाचा पॉलिश पेपर, त्यानंतर २२० आणि ३२०. जुन्या रंगात शिसे असू शकते. त्यामुळे कोरडे घासून धूळ उडवण्यापेक्षा वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासावे आणि लहान मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे. पत्रा उघडा पडला की त्याच दिवशी प्रायमर लागला पाहिजे. दमट हवेत उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. त्यावर एपॉक्सी प्रायमर उत्तम. तो न परवडल्यास रेड ऑक्साइड. खड्डे पुट्टीने भरावेत, पण पुट्टीचा थर जाड करू नये. खोल पोचा आधी ठोकून वर आणावा, उरलेली उणीव पुट्टीने भरावी. नंतर सरफेसर, मग ४०० आणि ६०० क्रमांकाच्या वॉटर पेपरने हलकी घासणी. डोळ्यांना न दिसणारा उंचसखलपणा तळहाताला कळतो, म्हणून प्रत्येक टप्प्यावर हात फिरवून पाहावे.

चॅसिसबाबत एक सूचना महत्त्वाची. सँडब्लास्टिंग किंवा पावडर कोटिंग केल्यास चॅसिस मजबूत आणि टिकाऊ दिसते. पण कोटिंगचा जाड थर चॅसिस क्रमांकावर बसला तर तो वाचता येत नाही आणि नूतनीकरणाच्या तपासणीत गाडी अडते. क्रमांकाच्या जागेवर आधीच जाड टेप लावून तसे बजावून द्यावे. तेथे नंतर ब्रशने पातळ रंग पुरेसा होतो.

आता प्रत्यक्ष रंग. बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. एनसी रंग आणि स्प्रेचे तयार डबे लवकर सुकतात, स्वस्त असतात आणि घरी मारता येतात. पण पेट्रोल सांडले की ते मऊ पडतात. ऑइल पेंट चकाकतो, पण सुकायला वेळ घेतो आणि त्यावर धूळ बसते. तिसरा प्रकार पीयू म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा रंग आणि त्यावरचा लॅकर. तो पेट्रोललाही दाद देत नाही आणि वर्षानुवर्षे टिकतो. मात्र त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा श्वासात गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. साधा कापडी मास्क तर निरुपयोगीच. बाहेरून शुद्ध हवा पुरवणाऱ्या मुखवट्याखेरीज हा फवारा मारणे सुरक्षित नाही. घराच्या पडवीत, जिथे आजी बसलेली आहे आणि मूल झोपलेले आहे, तिथे हे काम होऊ नये.

यातून परवडणारा मार्ग निघतो तो असा : घासणी, पुट्टी, सरफेसर हे सारे घरी करावे, चॅसिस, स्टँड, ब्रॅकेट यांसारखे पेट्रोल न लागणारे भाग घरीच रंगवावेत, टाकी, साइड कव्हर आणि मडगार्ड मात्र तयार करून रंगाच्या गॅरेजला द्यावेत. मजुरी फक्त फवाऱ्याची आणि लॅकरची द्यावी लागते. टाकी व कव्हर मिळून साधारण अर्धा लिटर रंग पुरतो, त्यामुळे आधीच लिटर-दोन लिटर विकत घेऊ नये.

ऋतू पाहून काम

रंगाला हवा मानवावी लागते. सह्याद्रीच्या कुशीतील खानापूर आणि बेळगावचा पश्चिम भाग जूनपासून सप्टेंबरपर्यंत चिंब असतो. ओल्या हवेत मारलेल्या एनसी रंगावर पांढुरकी झाक येते. गोव्याच्या किनाऱ्यावर खारी हवा त्यात भर घालते. उघडा पत्रा तेथे तासांच्या हिशेबाने खराब होतो. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. त्यातही निपाणी-चिकोडी भागात ऊसतोडणीच्या हंगामात पाचट जाळल्याची राख वाऱ्यावर येते, तेव्हा वारा पडलेली वेळ निवडावी. सकाळचे दव सुकल्यावर, जमिनीवर पाणी शिंपडून, दोन फवाऱ्यांत दहा-पंधरा मिनिटांचे अंतर ठेवून पातळ थर द्यावेत. नळी पत्र्यापासून सुमारे १५ ते २० सेंटिमीटरवर हवी. एक जाड थर ओघळतो, तीन पातळ थर बसतात.

उरलेला थिनर आणि रंगाचे पाणी विहिरीजवळ किंवा गटारात ओतू नये. बेळगावात आजही अनेक घरांना विहिरीचे पाणी आहे. थिनर बंद डब्यात ठेवला की गाळ खाली बसतो आणि वरचा थिनर हत्यारे धुण्यासाठी पुन्हा वापरता येतो. स्वयंपाकाचा गॅस, देवाजवळचा दिवा आणि विडी-सिगारेट यांच्यापासून हे काम दूर असावे, हे वेगळे सांगायला नको.

नक्षीचा संयम

मनाजोगत्या रंगकामात बहुतेकांची चूक अतिरेकाची असते. एक मूळ रंग, एक जोडरंग आणि एक रेघ, इतक्यात टाकी शोभून दिसते. चेन्नईच्या कारखान्यात बुलेटच्या टाकीवरील सोनेरी रेघा पिढ्यान्‌पिढ्या हातानेच ओढल्या गेल्या आहेत. त्या गाडीची शान त्या दोन रेघांत आहे. नक्षी आधी कागदावर काढून टाकीवर चिकटवून पाहावी. मास्किंग टेप रंग पूर्ण कडक होण्याआधी, तिरप्या कोनात, हळू काढावी. रेघ आणि अक्षरे लॅकरच्या खाली यावीत, म्हणजे धुतल्याने झिजत नाहीत. महामार्गालगत ट्रकवर अक्षरे रंगवणाऱ्या कारागिरांची संख्या स्टिकरमुळे घटत चालली आहे. टाकीवरील नाव अशा हाताकडून लिहून घेतले तर खर्च स्टिकरच्या जवळपासच येतो आणि एका जुन्या कौशल्याला काम मिळते.

खर्चाची वही

पहिल्या दिवसापासून एक वही ठेवावी. तिच्यात कागद, यंत्र, टायर-ब्रेक आणि रंग अशी चार पाने करावीत. ठरवलेल्या रकमेचा चौथा हिस्सा बाजूला ठेवावा, कारण जुनी गाडी खोलल्यावर न दिसलेले काम निघतेच. पैसा कमी पडला तर कात्री रंगाच्या पानाला लावावी. ब्रेक, टायर आणि दिवे यांच्या पानाला कधीही नव्हे. साध्या काळ्या रंगातील, कागदपत्रे पूर्ण असलेली आणि वेळेवर थांबणारी गाडी ही झगझगीत रंगाच्या पण पोलिसाला पाहून गल्लीत वळणाऱ्या गाडीपेक्षा केव्हाही चांगली.

ताडपत्रीखालची गाडी बाहेर काढण्याचा विचार असेल, तर सुरुवात पॉलिश पेपरने नव्हे, आरसी पुस्तकाने करावी. ते कपाटात सापडले, त्यातील आकडे चॅसिसशी जुळले आणि नूतनीकरणाचा हिशेब खिशाला परवडला, की पुढचे सगळे काम वेळेचे आणि मेहनतीचे आहे. या दोन्ही गोष्टी घरच्या घरी मिळतात.